भाकरी टोपल्यात आहे : ग्रामीण कथेतील स्त्रीचे अबोल बंड

एखाद्या ग्रामीण कथेत नवरा दिवेलागणीला शेतातून घरी येतो, हातपाय धुतो, चुलीपुढे बसलेल्या बायकोकडे पाहतो आणि ती वर न बघताच म्हणते, ‘‘भाकरी टोपल्यात हाय.’’ पुढच्याच वाक्यात कथाकार गोठ्यातल्या बैलांकडे वळतो आणि शहरात वाढलेला वाचकही त्याच्यामागोमाग वळतो, कारण त्याच्या दृष्टीने येथे काहीच घडलेले नसते. गावात वाढलेली वाचक मात्र त्या वाक्यापाशी थबकते. ‘जेवायला बसा, वाढते’ हे रोजचे वाक्य आज आलेले नाही, हे तिच्या लगेच ध्यानात येते. आजच्या वाक्यात ‘तुम्ही’ नाही आणि ‘मी’ही नाही, उरले आहेत ते भाकरी आणि टोपले. स्वयंपाक झालेला आहे, त्यामुळे सासूला बोट ठेवायला जागा नाही. नवऱ्याला उपाशी ठेवलेले नाही, त्यामुळे त्यालाही हात उगारण्याचे निमित्त नाही. तिने फक्त वाढण्याचे काम स्वतःकडून काढून घेतले आहे, आणि ते का काढून घेतले हे त्या घरात दोघांनाही पक्के ठाऊक आहे.

मराठीतील ग्रामीण कथा वाचताना स्त्रीच्या स्वातंत्र्याचा शोध घ्यायचा असेल, तर तो अशा वाक्यांमध्ये घ्यावा लागतो. आपल्याला बंड म्हटले की भाषण आठवते, घर सोडून जाणारी नायिका आठवते, भर चावडीत उच्चारलेला नकार आठवतो. गावाकडच्या कथेत हे प्रसंग क्वचित येतात, आणि जेव्हा येतात तेव्हा बहुधा ते कथेतले सर्वांत कमकुवत प्रसंग असतात, असे माझे मत आहे. अबोल बंड म्हणजे ज्या घरात राहणे भाग आहे त्या घरात राहूनच आपल्या आयुष्याचा एखादा लहानसा निर्णय स्वतःकडे ओढून घेणे, आणि तो ओढून घेतल्याचे कोणालाही सिद्ध करता येणार नाही अशा रीतीने ओढून घेणे. या व्याख्येचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पुरावा मागे राहिला की शिक्षा होते, म्हणून पुरावा राहू न देणे हाच या बंडाचा प्राण आहे.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकी अभ्यासक जेम्स स्कॉट यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस मलेशियातील एका भातशेतीच्या गावात राहून अभ्यास केला आणि 1985 मध्ये दुर्बलांच्या शस्त्रांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कापणीची यंत्रे आल्यावर त्या गावातील गरिबांनी मोर्चे काढले नाहीत. रोपे लावणाऱ्या बायकांच्या टोळ्यांनी यंत्र लावणाऱ्या शेतकऱ्यांची लावणी टाळण्याचा प्रयत्न केला, पण तसे उघडपणे बोलून दाखवले नाही. सध्या दुसरीकडे काम आहे, एवढेच त्या सांगत राहिल्या. कामात ढिलाई करणे, न समजल्यासारखे दाखवणे, निमित्त पुढे करणे आणि मागे बोलणे या गोष्टींना आपण आळस किंवा लबाडी म्हणून सोडून देतो. स्कॉट यांनी त्यांच्याकडे विचारपूर्वक केलेला विरोध म्हणून पाहायला शिकवले. आपल्या शेताच्या बांधावर ‘आज अंग मोडून आलंय, मी नाही येत’ असे म्हणणारी खुरपणारी बाई हेच करत असते. मात्र तिच्याविषयी कथा लिहिणाऱ्याला ते दिसले पाहिजे.

हे बंड अबोल का असते, हे समजून घ्यायचे तर आधी जमिनीचा हिशेब पाहावा लागतो. ज्या काळात मराठी ग्रामीण कथा बहरली, त्या 1950 ते 1980 या काळात शेतकरी घरातील बाईच्या नावावर सातबाऱ्याच्या उताऱ्यात सहसा काहीच नसे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मानेच मिळणारा हक्क तिला दिला नाही. महाराष्ट्राने ती त्रुटी 1994 मध्ये दूर केली, तीही त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. संपूर्ण देशासाठी ती 2005 मध्ये दूर झाली. सासरच्या जमिनीवर नवरा जिवंत असेपर्यंत बायकोचे नाव लागण्याचे कारणच नव्हते. ती ज्या शेतात राबत असे ते शेत कागदोपत्री कधी सासऱ्याचे, कधी नवऱ्याचे आणि पुढे मुलाचे असे. घर सोडायचे म्हटले, तर जाण्यासारखे ठिकाण एकच, ते म्हणजे माहेर; आणि माहेर तर पंचमीपुरते किंवा बाळंतपणापुरते. त्याहून जास्त दिवस राहिली की भावजयीच्या हातातली भांडी वाजू लागतात आणि गाव विचारू लागते, ‘‘नांदत नाही का?’’ ‘नांदणे’ या एका क्रियापदात बाईचे सगळे आयुष्य मोजणारी आपली भाषा आहे. न नांदणाऱ्या बाईला ‘टाकलेली’ म्हणतात. तिने स्वतःहून नवरा टाकला असला तरी शब्द तोच.

या बेड्यांची जाणीव चळवळींनाही झाली होती. शेतकरी संघटनेच्या 1986 च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर पुढच्या काही वर्षांत शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली आणि शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वतःहून बायकोच्या नावावर करण्याचे आवाहन केले. बाईच्या स्वातंत्र्याचा प्रश्न अखेर तलाठ्याच्या दप्तरात जाऊन पोचतो, ही त्यामागची समज होती. कथा वाचतानाही ती समज जवळ असावी. पात्र बोलत का नाही, याचे उत्तर पुष्कळदा तिच्या स्वभावात सापडत नाही. ते फेरफाराच्या नोंदवहीत सापडते.

एक उदाहरण रचून पाहू. समजा, एका कथेत वडील वारले आहेत आणि भाऊ बहिणीकडे आला आहे. वडिलांच्या जमिनीतला वाटा सोडल्याच्या हक्कसोड पत्रावर तिची सही हवी आहे. त्याने पिशवीतून साडी-चोळी आणली आहे, लेकरांना खाऊ आणला आहे, आणि तो आईच्या आठवणी काढतो आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत हा प्रसंग घडतो आणि बहीण सही करते, कारण तिला माहेरची वाट बंद व्हायला नको असते. आपल्या कथेतली बहीण भावाला जेवू घालते, त्याच्या मुलांची चौकशी करते आणि उठता उठता म्हणते, ‘‘आज नको दादा, आज अवस आहे. अवसेला कागदाला हात लावू नये.’’ भाऊ पुढच्या आठवड्यात येतो तेव्हा नणंदेकडे जाणे निघते. त्यापुढे श्रावण लागतो, मग पितृपाठ येतो. कथा संपते तेव्हाही कागद कोराच असतो आणि भाऊबीजेला बहिणीने ओवाळलेलेही असते.

या कथेत एकही वाद नाही. बहिणीने ‘नाही’ असा शब्द उच्चारलेला नाही. ज्या रूढींनी तिला आयुष्यभर बांधून ठेवले, त्याच रूढी तिने एकेक करून आपल्यापुढे आडव्या घातल्या आहेत आणि भाऊ त्यांना ओलांडू शकत नाही, कारण त्या त्याच्याही आहेत. अशी कथा वाचून कोणी म्हणाले की बाई अंधश्रद्ध आहे, तर त्याने कथा वाचली नाही, असेच मी म्हणेन. अमावास्या ही येथे तिची समजूत नाही, तिचे निमित्त आहे. आणि कुशल कथाकार तसे न सांगता सुचवतो, कदाचित इतकेच लिहून की भाऊ गेल्यावर तिने त्याच संध्याकाळी बचत गटाच्या वहीवर सही केली.

पैशाची गोष्टही अशीच बारकाईने पाहावी लागते. शेतकरी घरातला मोठा पैसा, म्हणजे कापसाचा, उसाचा, ज्वारीचा, पुरुषाच्या हातात येतो. बाईच्या हातात येतात ती अंडी, दुधातले उरलेले ताक, बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा, परसातली मेथी, आणि फार झाले तर एखादी शेळी. या वस्तू कथेत आल्या की वाचकाने सावध व्हावे, कारण त्या वर्णनासाठी आलेल्या नसतात. कोंबड्या कोणाच्या, त्यांची अंडी कोण विकते आणि ते पैसे कोठे ठेवले जातात, डाळीच्या डब्यात, उतरंडीतल्या खालच्या मडक्यात की कनवटीला, यावरून त्या घरातील सत्तेचा नकाशा काढता येतो. दुसऱ्यांच्या शेतावर रोजाने जाणाऱ्या बाईला निदान स्वतःची मजुरी मोजता येते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे तेही नसते. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतली जाते ती त्या कोयत्यावर, आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात पडतात. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावर वाहून गाडी भरणाऱ्या बाईच्या कष्टाला स्वतंत्र आकडाच नाही. अशा बाईने वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, चार पेंढ्या विकून दहा-वीस रुपये बाजूला टाकले, तर त्या रुपयांना कथेत जे वजन येते ते शहरी कथेतल्या बाईच्या पगाराला येणार नाही.

आता ज्याविषयी मला सर्वांत अधिक सांगावेसे वाटते त्या गोष्टीकडे येतो. ग्रामीण कथेत ‘अंगात येणे’ हा प्रसंग वारंवार भेटतो. देवीच्या पालखीत, आरतीच्या वेळी, कधी घरातल्या घरात बाई घुमू लागते, केस सुटतात, आणि एरवी मान वर न करणारी ती सून सासूला ‘अगं’ म्हणून हाक मारते, सासऱ्याला एकेरीत जाब विचारते, नारळ-खण मागते, सात मंगळवार उपास धरायला सांगते. घरातली मोठी माणसे तिच्या पायावर डोके ठेवतात. थोड्या वेळाने ती शुद्धीवर येते, पदर सावरते आणि तिला काही आठवत नसते. बरेच दिवस सुधारक दृष्टीच्या लेखकांनी हा प्रसंग अज्ञानाचा नमुना म्हणून लिहिला आणि विनोदी लेखकांनी हसण्यासाठी लिहिला. दोघांच्याही हातून त्यातली मुख्य गोष्ट निसटली. ज्या घरात सुनेला बोलण्यासाठी कोणतेही स्थान नाही, त्या घरात देवी हे एकच असे स्थान आहे जेथून बोललेले ऐकून घ्यावेच लागते आणि ज्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येत नाही. तिचे घुमणे खरे की खोटे, हा प्रश्न कथेच्या दृष्टीने दुय्यम आहे. तिला स्वतःलाही त्याचे उत्तर देता येईलच असे नाही. वाचकाने विचारायचे ते हे की देवीने नेमके काय मागितले. देवीने जर ‘हिला माहेरी जाऊ दे’ असे म्हटले असेल, किंवा ‘दारूचा थेंब या उंबऱ्याच्या आत आणू नकोस’ असे नवऱ्याला बजावले असेल, तर ती मागणी कोणाची आहे हे ओळखणे कठीण नाही.

देवीचा उपयोग दुधारी असतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. आज जिच्या पाया पडले, तिलाच उद्या ‘बाहेरचे लागीर’ ठरवून मांत्रिकापुढे बसवता येते. म्हणजे या मार्गाने मिळालेला आवाज तिच्या मालकीचा नसतो, तो उसना असतो आणि काढून घेता येतो. चांगल्या कथेत हे दोन्ही एकाच वेळी दिसते, आणि म्हणून त्या प्रसंगाच्या शेवटी वाचकाच्या पोटात खड्डा पडतो.

या सगळ्याची मुळे छापील कथेच्या फार आधीची आहेत. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी रचलेल्या ओव्या ही मराठी गावातील बाईची पहिली गोष्ट आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या एक हजारांहून अधिक गावांतून एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना जाणवते की बाई जात्याला मैतर मानून बोलते आहे, कारण माणसांपैकी कोणाला सांगण्याची सोय नाही. सासुरवास, भावाची वाट पाहणे, मुलीच्या जन्माचे दुःख हे विषय तर आहेतच. पण सीतेच्या वनवासाच्या ओव्यांमध्ये सहानुभूती कोणाकडे आहे हे पाहिले, तर गावातील निरक्षर बायकांनी रामकथेचा स्वतःचा निवाडा केव्हाच लावून टाकला होता, हे दिसते. दळणाची गिरणी गावोगाव आली तसा बाईच्या अंगावरचा एक भार उतरला आणि तिची पहाटेची ती एकान्ताची जागाही गेली. या बदलाबद्दल नुसता आनंद मानता येत नाही आणि नुसती हळहळही करता येत नाही.

ओवीच्याच वळणाने बोलणाऱ्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) या कथाकार नव्हत्या, तरीही त्यांची आठवण येथे टाळता येत नाही. ऐन तिशीत वैधव्य आलेल्या या असोद्याच्या लेकीने एका कवितेत ज्योतिषाला आपल्या दारी येऊ नको असे सांगितले आहे. विधवेचे नशीब सांगण्याचा अधिकार ज्याला समाजाने दिला, त्याला ती दारातूनच परत पाठवते, आणि तेही शिवी न देता, आपले दैव आपल्याला कळते एवढ्या साध्या आधारावर.

मग ग्रामीण कथा लिहिणाऱ्यांनी या वारशाचे काय केले? प्रामाणिकपणे सांगायचे तर मिश्र उत्तर द्यावे लागते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत ही कथा मुख्यतः पुरुषांनी लिहिली. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी ती कथाकथनाच्या रूपाने गावोगावच्या श्रोत्यांपर्यंत नेली आणि मराठी वाचकाला गाव आपल्या डोळ्यांनी पाहायला शिकवले, हे ऋण मोठे आहे. तरीही त्या परंपरेतील स्त्री पुष्कळदा तीनच रूपांत समोर येते. एक म्हणजे सोसणारी, दुसरी भुरळ घालणारी आणि तिसरी कजाग. यातल्या कजाग बाईकडे आज पुन्हा पाहण्यासारखे आहे. ती नवऱ्याला चारचौघांत बोलते, सरपंचाला उत्तर देते, पाटलाची फजिती करते. श्रोते खळखळून हसतात आणि ते हसणेच तिच्या बोलण्यावर झाकण घालते. हसण्याखाली गेलेले तिचे वाक्य उचलून कागदावर स्वतंत्रपणे मांडले, तर ते बरेचदा अगदी योग्य वाक्य असते. कांद्याचा पैसा कोठे गेला, असे ती विचारत असते. जुन्या विनोदी ग्रामीण कथा अशा रीतीने वाचणे म्हणजे त्यांचा अपमान करणे नव्हे. त्या लेखकांचा कान इतका तयार होता की त्यांना जे म्हणायचे नव्हते तेही त्यांच्या संवादांतून नोंदले गेले.

कादंबरीच्या बाजूने पाहिले तर उद्धव शेळके यांच्या 1960 च्या ‘धग’मधील कौतिक आठवते. विदर्भातल्या एका गरीब शिंप्याच्या घरातली ही बाई कोणताही विचार मांडत नाही, ती संसार उभा करण्यासाठी झगडत राहते, आणि तिच्या त्या झगडण्याची धग वाचकाला लागते. कथेच्या आटोपशीर जागेत इतका विस्तार करता येत नाही. तेथे लेखकाला एकच कृती निवडावी लागते आणि तिच्यातून सगळे आयुष्य दाखवावे लागते.

आतापर्यंत मी मुख्यतः उंबऱ्याच्या आतल्या बाईविषयी बोलत आलो आहे, आणि ते सगळ्या गावाला लागू पडत नाही. उंबऱ्याच्या आत राहण्याची सक्ती ही जमीनदार आणि कुणबी-मराठा घरांतल्या बाईवर होती. दलित बाई पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेरच राबत आली. लाकडाच्या मोळ्या विकणे, दुसऱ्यांच्या शेतात खुरपणे, बाजारात टोपली मांडून बसणे हे तिच्यासाठी स्वातंत्र्य नव्हते, पोटाची गरज होती. त्यामुळे तिची कथा ‘बाहेर पडण्याची’ कथा होऊच शकत नाही. ती बाहेरच आहे, आणि बाहेर तिच्यावर जातीची व पुरुषाची अशी दुहेरी नजर आहे. ऊर्मिला पवार यांची ‘कवच’ ही कथा हे फार नेमकेपणाने उभे करते. कोकणातल्या बाजारात आंबे विकणारी आई, तिच्याशी द्व्यर्थी बोलणारी गिऱ्हाइके, आणि ते शब्द कानी पडून शरमेने अर्धमेला होणारा तिचा शाळकरी मुलगा, इतकाच त्या कथेचा ऐवज आहे. आईने बाजाराला जाऊ नये असे मुलाला वाटते. आई मात्र जाते, आणि ज्या शब्दांनी तिला उघडे पाडायचा प्रयत्न होतो त्याच शब्दांना धार लावून ती परत फेकते. मुलाला जी लाज वाटत होती, ती तिने केव्हाच अंगाबाहेर टाकलेली आहे, आणि तेच तिचे चिलखत आहे.

या कथेवर अश्लीलतेचे आक्षेप घेतले गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बाजारातल्या बाईला जे रोज ऐकावे लागते ते कागदावर आले की वाचकाला ऐकवत नाही, आणि तिने दिलेले उत्तर तर त्याहून ऐकवत नाही. सभ्य भाषा ही काही जणींना परवडणारी वस्तू आहे, हे ती कथा न सांगता सांगून जाते. पवार यांच्या आईने नवऱ्याच्या मागे बांबूची सुपे-टोपल्या विणून मुलांना वाढवले. त्या विणकामाचेच नाव त्यांनी 2003 च्या आपल्या आत्मकथनाला दिले, ‘आयदान’. अशा लेखिकेच्या कथेत काम करणारे हात हे प्रतीक म्हणून येत नाहीत, ते हात म्हणूनच येतात.

येथे एक धोका नोंदवतो, कारण या विषयावर बोलताना मीही त्यात सापडलो आहे. एकदा अबोल बंड ओळखता येऊ लागले की प्रत्येक मौनात बंड दिसू लागते. तसे नसते. कित्येकदा बाई गप्प असते कारण ती थकलेली असते, कारण तिला मारले गेलेले असते, कारण बोलून काही होत नाही हे ती शिकलेली असते. त्या मौनाला ‘मूक विद्रोह’ असे गोंडस नाव देणे म्हणजे तिच्यावरील अन्यायाला सजवणे आहे. फरक ओळखण्याची माझी रीत साधी आहे. कथेच्या अखेरीस त्या बाईच्या ताब्यात अशी एखादी गोष्ट आली का, जी सुरुवातीला नव्हती, हे मी पाहतो. ती गोष्ट वीस रुपयांइतकी असेल, दुपारच्या एका तासाइतकी असेल, मुलीच्या शाळेच्या आणखी एका वर्षाइतकी असेल, किंवा न झालेल्या सहीइतकी असेल. काहीच हाती आले नसेल, तर ती कथा दुःखाची आहे आणि दुःखाची म्हणूनच वाचावी. वाचकाला बरे वाटावे म्हणून तिच्यात विजय शोधू नये.

गेल्या तीन दशकांत गावच बदलले, तेव्हा बंडाच्या जागाही बदलल्या. माडगूळकरांनी ज्या माणदेशातली माणसे मराठी साहित्यात आणली, त्याच माणदेशात म्हसवड येथे 1997 मध्ये बायकांची सहकारी बँक उभी राहिली. तिच्या परवान्यासाठी पहिला अर्ज गेला तेव्हा प्रवर्तक बायका निरक्षर आहेत, सहीऐवजी अंगठा लावतात, म्हणून तो नाकारला गेला. त्या बायका गावी परतून लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ज्यांच्या हिशेबाला कोणी हिशेब मानत नव्हते त्यांचा हा हिशेब होता. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या, आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. गावागावांत ‘सरपंचपती’ नावाचे पद निर्माण झाले, म्हणजे खुर्ची बायकोची आणि कारभार नवऱ्याचा. कविता महाजन यांनी 2005 मध्ये याच जगावर लिहिलेल्या कादंबरीचे नाव ‘ब्र’ ठेवले. ‘ब्र काढायचा नाही’ ही तंबी ज्या घरांत दिली जाते, तेथून आलेल्या बाईने ग्रामसभेत तोंड उघडणे म्हणजे काय, हे त्या एका अक्षरात मावले आहे.

नव्या लेखक-लेखिकांच्या पुढे असलेले साहित्य या जागांत आहे. कोंबड्यांच्या अंड्यांच्या जागी आता बचत गटाचे कर्ज आहे, आणि ते तिच्या नावावर निघून नवऱ्याच्या मोटारसायकलवर खर्च होते. हप्ता मात्र दर आठवड्याला तिच्या दाराशी येतो. मडक्यातल्या पैशांच्या जागी मोबाइल आहे, त्याचे कुलूप आहे, आणि त्या कुलपाचा आकडा नवऱ्याला सांगायचा की नाही हा प्रश्न आहे. हक्कसोड पत्र मात्र आहे तसेच आहे.

मी वाट पाहतो आहे ती अशा एका कथेची, जिच्यात ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सरपंच बाईपुढे नेहमीप्रमाणे ठरावाचे कागद ठेवले जातात. नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला आहे, ग्रामसेवकाने सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहे, शिपाई चहा घेऊन आला आहे. दोन वर्षे ती त्या फुलीवर सही करत आली आहे. आज ती पेन उचलते, टोपण काढते, डोक्यावरचा पदर नीट करते, आणि कोणाकडेही न पाहता म्हणते, ‘‘आधी वाचून दाखवा.’’